काही करू नकोस, कानाकी

घळ उतरायला अकरा तास लागतात, असं रोदांथीचं म्हणणं. चार पुष्कळ झाले, असं तिच्या काकाचं. आणि या वयात उतरायचीच कशाला, असं काकूचं. गुरुवारी सकाळी पेरवोलाच्या कॉफीच्या दुकानात ही तीन मतं एका टेबलाशी बसली होती, आणि उरलेल्या चार टेबलांवर आणखी अकरा मतं कान टवकारून होती. आमच्या गावात माणसं तीस आणि मतं पन्नास, हे काही आजचं नाही.

काकाचं नाव वार्दिस. वय सहासष्ट, पण डावा गुडघा ऐंशीचा. जन्मभर शेळ्या राखल्या, डोंगरातला दगडन्‌दगड पायाखालचा, त्यामुळे आपल्याला कोणी काही शिकवावं हे त्याला कधी मानवलं नाही. रोदांथी त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. परदेशी लोकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवून, कमरेला दोर बांधून त्यांना घळीतून खाली समुद्रापर्यंत नेणं हा तिचा धंदा. घळीचं वरचं तोंड पेरवोलापासून पाऊण तासावर, खालचं यालोस गावात. यालोसला रस्ता नाही. जायचं तर डोंगराला वळसा घालून गाडीने बंदरावर, तिथून बोटीने. आणि बोट बुधवारपासून बंद होती. दक्षिणेचा वारा पिसाळला होता आणि बंदरावरच्या फळ्यावर ‘सोमवारपर्यंत बोट नाही’ असं खडूने लिहून बोटवाले घरी जाऊन झोपले होते.

रविवारी संध्याकाळी पाचला यालोसच्या चर्चमध्ये एका तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होता आणि वार्दिस त्याचा धर्मपिता होता. धर्मपिता नसेल तर पाद्री पाण्याला हातही लावत नाही.

“पुढच्या रविवारी करा की,” शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. “पोर काही पळून जात नाही.”

“पोर नाही, मी पळालो असं होईल,” वार्दिस म्हणाला.

याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मुलाचा आजोबा म्हणजे यालोसचा स्त्रातिस. एकतीस वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या दिवशी वार्दिसचा म्होरक्या बोकड गळ्यातल्या घंटेसकट नाहीसा झाला, आणि दुसऱ्या दिवशी खाली स्त्रातिसच्या वाड्यावर दुपारभर धूर होता. आता दुसऱ्याचा बोकड पळवणं चांगलं असं कोणी म्हणणार नाही, पण आमच्याकडे तरण्या पोरांचा तो खेळच. वार्दिसनेही आपल्या काळात दोन-चार पचवले होते. रीत अशी की मालक शोधत आला की हसून सांगायचं, “खाल्ला बाबा, चवीला झकास होता,” त्याला बसवायचं, पेला भरायचा, आणि पुढच्या वर्षी आपला एखादा नाहीसा झाला तर तोंड मिटून बसायचं. स्त्रातिसने काय करावं? चर्चमध्ये जाऊन संताच्या तसबिरीवर हात ठेवला आणि मी नाही खाल्ला म्हणून शपथ घेतली. नवा नवा जावई होता, सासरा शेजारी उभा होता, त्याला लाज वाटली असेल. बोकडाचं दुःख वार्दिसला दोन महिने पुरलं. शपथेचं एकतीस वर्षं पुरलं. त्या दिवसापासून स्त्रातिसचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. अगदीच वेळ आली तर ‘तो खालचा’ म्हणायचा.

पण दोन घरांचं वैर मिटवायची एक जुनी वाट या बेटावर आहे. एकाने दुसऱ्याचं मूल बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घ्यायचं. तसं केलं की दोन्ही घरं एकमेकांची सिंतेक्नो होतात, आणि सिंतेक्नोचं नातं भावकीपेक्षा घट्ट, त्यात भांडायची सोयच नाही. रोदांथी गेली पाच वर्षं माणसं घेऊन यालोसला उतरत होती आणि काकाला पत्ता लागू न देता त्या खालच्याच्याच खाणावळीत जेवत होती. तिनेच पाद्र्याला हाताशी धरून हे जुळवून आणलं. स्त्रातिसने मान डोलावली, पण वर निरोपही धाडला, “यायचं असेल तर येईल. न यायला कारणं त्याला कधी कमी पडली नाहीत.”

हे शेवटचं वाक्य वार्दिसला झोंबलं होतं. आणि खरं सांगायचं तर, झोंबलं नसतं तरी तो गेला असता. एकतीस वर्षं राग सांभाळून माणूस थकतो. त्याला हे संपवायचं होतं आणि मरायच्या आधी संपवायचं होतं, पण असलं काही कॉफीच्या दुकानात बोलायची पद्धत नाही.

“रविवारी पाचला मी तिथं असणार,” तो म्हणाला. “बोट नाही तर घळ. पोरी, काढ तुझा नकाशा.”

रोदांथीने नकाशा काढला नाही. टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेन्सिलीने एक वाकडी रेघ ओढली, तिच्यावर तीन ऑलिव्ह ठेवले आणि मिठाची डबी दोन ऑलिव्हच्या मध्ये आणून ठेवली.

“हे तीन कडे. पहिला दोन पुरुष उंच, तो तू उडी मारूनही उतरशील.”

“उतरायचोच.”

“आता दोर लावून उतरशील. दुसरा मोठा, पाच पुरुष. तिथं एकदा खाली उतरून दोर ओढून घेतला की परत वर येता येत नाही. पुढंच जावं लागतं. तिसऱ्याच्या खाली डोह आहे, मे महिना आहे, पाणी छातीपर्यंत आणि बर्फासारखं. आणि असा वारा असला की दुपारनंतर वरून दगड येतात. म्हणून माझा नियम आहे. दहाच्या आत दुसऱ्या कड्यावर. दहा वाजून गेले तर मागे फिरायचं, मग कोणाचा बाप्तिस्मा असो की लग्न.”

“तुझा नियम परदेशी लोकांना. आम्ही या घळीतून अनवाणी शेळ्यांच्या मागं...”

“तेव्हा तुला दोन गुडघे होते,” गारिफालिया, त्याची बायको, म्हणाली. “आता एक आहे आणि एक नुसता आवाज करतो.”

दुकानात हशा पिकला. वार्दिसने रागारागाने समोरचा ऑलिव्ह उचलून तोंडात टाकला.

“दुसरा कडा खाल्लास, काका,” रोदांथी म्हणाली.

मग सगळ्यांनीच नियोजनात हात घातला. एकाने सांगितलं, गुडघ्याला राकी चोळ. दुसरा म्हणाला, चोळू नको, पी. कोणी म्हणालं, गाढव न्या, आणि पाच पुरुष कड्यावरून गाढव कसं उतरवणार यावर दहा मिनिटं गेली. रोदांथी उंटावरच्या शहाण्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेत होती आणि कागदावर लिहीत होती, दोर दोन, हेल्मेट दोन, पाणी चार लिटर, पट्टी. पलीकडच्या बाजूला गारिफालियाची यादी चालू होती, पोराचे पांढरे कपडे, क्रूस, मेणबत्ती, तेल, टॉवेल, साबण. हे सगळं धर्मपित्यानेच न्यायचं असतं. दोन्ही याद्या एकाच पाठीवर जाणार होत्या.

“निघायचं पहाटे पाचला,” रोदांथी म्हणाली. “साडेआठला पहिला कडा खाली. साडेनऊला दुसऱ्यावर. चारला यालोस. एक तास हाताशी राहतो.”

“आणि ही मिठाची डबी?” वार्दिसने विचारलं, पण त्याला ठाऊक होतं.

ती डबी म्हणजे कानाकी. खरं घोडं तिथंच अडत होतं.

पहिल्या आणि दुसऱ्या कड्याच्या मध्ये घळीच्या भिंती जरा मागे सरतात, तिथं थोडं गवत आहे, झरा आहे आणि कानाकीची दगडी झोपडी आहे. कानाकी चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा, उन्हाळाभर तिथंच शेळ्या राखतो आणि चीज करतो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या दारावरून न बसता पुढं गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. बसलं की पेला. पेला आला की चीज. चीज आलं की “एवढं काय, थांब जरा” म्हणत सुरी. मागच्या वर्षी रोदांथीबरोबरच्या चार डच लोकांनी पाणी प्यायला म्हणून पाच मिनिटं टेकायचं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी यालोसला पोचले.

“पंधरा मिनिटं बसू,” रोदांथी म्हणाली.

“पंधरा मिनिटांत त्याचं पाणी उकळत नाही.”

“मग डाव्या भिंतीच्या कडेने, झाडांच्या आडून जाऊ. त्याला दिसणार नाही.”

वार्दिसने पेला खाली ठेवला. “कानाकीच्या दारावरून मी चोरासारखा जाऊ? माझ्या लग्नात नाचून त्याने बूट फाडले. एक भांडण मिटवायला चाललोय पोरी, दुसरं लावायला नाही.”

“मग सांगून टाकू त्याला,” गारिफालिया म्हणाली. “घाईत आहेत, थांबणार नाहीत, म्हणजे वाईट वाटायचं नाही. संध्याकाळी सातला तो फोन करायला खडकावर चढतो. मी सांगते.”

सगळ्यांना पटलं. चौदाच्या चौदा मतं एका ठिकाणी आली असं आमच्या गावात पूर्वी कधी घडलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिथंच शंका यायला हवी होती.

सात वाजता गारिफालियाने फोन लावला. वार्दिस शेजारी बसून गुडघ्याला राकी चोळत होता.

“कानाकी, कसा आहेस? ऐक, रविवारी सकाळी वार्दिस आणि रोदांथी तुझ्या दारावरून जाणार आहेत. पण फार घाईत आहेत रे, पाचला यालोसला बाप्तिस्मा आहे. तर तू काही करू नकोस हं.”

“छे छे,” कानाकी म्हणाला. “मी काय करणार.”

“अगदी काही करू नकोस.”

“काही नाही गं. नुसतं पाणी.”

गारिफालियाने समाधानाने फोन ठेवला. आता हसू नका. या बाईने आयुष्यात हजार वेळा लोकांच्या तोंडून “काही करू नकोस हं” ऐकलं होतं आणि दर वेळी ते ऐकताच कढई चुलीवर चढवली होती. पण बोलणारी आपण असलो की माणसाला आपले शब्द कसे ऐकू जातात ते कळत नाही. वार्दिसनेही मान डोलावली आणि दुसरा गुडघा पुढं केला.

शनिवारी तयारी झाली. पोराचे कपडे प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घातले. तेलाच्या बाटलीचं बूच मेणाने बंद केलं. बॅग भरता भरता गारिफालिया म्हणाली, “पाद्री नाव विचारेल.”

“विचारू दे.”

“पहिल्या नातवाला आजोबाचं नाव असतं.”

“मला रीती शिकवू नकोस.”

“भरल्या चर्चमध्ये मोठ्याने सांगावं लागेल. एकदा घरात म्हणून बघ. घशाला सवय तरी होईल.”

वार्दिस दोराची गाठ बघत राहिला. “तिथं निघेल,” तो म्हणाला. पण रात्री अंथरुणात त्याने भिंतीकडे तोंड करून ओठ हलवून पाहिले आणि ते नाव काही निघालं नाही. एकतीस वर्षांचा गंज होता, एवढ्यात कसा सुटायचा.

रविवारी पाचला निघाले. घळीत गारवा होता, वारा वरच्या वर जात होता. वार्दिसला बरं वाटलं, इतकं बरं की पहिल्या तासात त्याने रोदांथीला चार ठिकाणी थांबवून कुठे कोणती शेळी व्याली ते सांगितलं. पहिल्या कड्यावर मात्र कमरेला पट्टा बांधून घेताना तो गप्प झाला. पाठ खाली आणि तोंड भिंतीकडे करून उतरायचं, म्हणजे जाताना डोंगराला नमस्कार करत जायचं, हे त्याला नवीन होतं. गुडघा दोनदा बोलला. पण उतरला, आणि खाली पाय टेकल्यावर म्हणाला, “यात काय एवढं.”

पावणेनऊला घळ रुंद झाली आणि धूर दिसला.

रोदांथी थांबली. “काका, वास येतोय का?”

वार्दिसला केव्हाच आला होता. उकळत्या बोकडाचा वास त्याला डोळे मिटून ओळखता येत असे.

झोपडीपुढच्या सपाट दगडावर धुतलेली चादर अंथरली होती. तिच्यावर पाव, चीज, मध, तीन पेले. बाजूला चीजसाठी दूध तापवायचा मोठा हंडा चुलीवर रटरटत होता. कानाकी दाढी करून, सणाचा काळा शर्ट घालून दारात उभा होता.

“या,” तो म्हणाला. “काही केलेलं नाही. एवढासा बोकड आहे. दोन तासांत मऊ होईल.”

रोदांथीने घड्याळाकडे पाहिलं. वार्दिसने चुलीकडे पाहिलं आणि बायकोची आठवण काढली, प्रेमाने नव्हे.

“कानाकी, गारिफालियाने सांगितलं होतं ना, काही करू नकोस म्हणून?”

“सांगितलं ना. दोनदा सांगितलं. म्हणून तर मोठा कापला.”

बसले. पहिला पेला झाला. वार्दिसने समजावून सांगितलं, पाच वाजता, चर्च, धर्मपिता, एकतीस वर्षं. कानाकीने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. चुलीजवळ जाऊन डाव घालून हंडा ढवळायला लागला, यांच्याकडे पाठ करून.

“जा मग,” तो म्हणाला. “काम मोठं आहे. माझं काय, कुत्रा आहे.”

सणाच्या शर्टाची पाठ इस्त्री केलेली होती. एकट्या माणसाने डोंगरात, कोळशाच्या इस्त्रीने केलेली. वार्दिसला ती घडी दिसली आणि त्याला उठवेना. एक बोकड खाल्ला म्हणून एकतीस वर्षं गेली होती. आता एक न खाल्ल्याने किती जातील ते सांगता येत नव्हतं. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. रोदांथी नुसती दोराच्या गाठी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिचा नियम तिला मोडायचा नव्हता, आणि काकाला मागे फिर म्हणायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

“कानाकी,” वार्दिस एकदम म्हणाला, “तुझ्याकडे झाकणाचा दुधाचा कॅन आहे ना?”

“दोन आहेत.”

“रस्सा कॅनमध्ये ओत. बोकड हंड्यात राहू दे, झाकण बांधू. तुझं अन्न मी खाणार, पोटभर खाणार, पण खाली, घळीच्या तोंडाशी. आणि तू वाढायला हवास. चल.”

कानाकीचा डाव हवेत राहिला. “मला बाप्तिस्म्याचं बोलावणं नाही.”

“तू बाप्तिस्म्याला येत नाहीयेस. हंड्याबरोबर येतोयस.”

“काका,” रोदांथी म्हणाली, “पाच पुरुष कडा आहे.”

“गाढव उतरवायचं म्हणत होते लोक. हंडा त्याहून शहाणा.”

रोदांथीने वर पाहिलं, भिंतींच्या मधल्या निळ्या पट्टीकडे. कानाकीनेही पाहिलं. “वारा तीनच्या आत खाली उतरत नाही,” तो म्हणाला. “तोवर आपण घळीच्या अरुंद गळ्याच्या पुढं असू. मला पन्नास वर्षं झाली इथं.” रोदांथीने खांदे उडवले आणि आपलं स्वतःचं हेल्मेट काढून कानाकीच्या डोक्यावर घातलं. त्याने ते काढून हंड्यावर ठेवलं.

निघायला साडेदहा झाले. दुसऱ्या कड्यावरून आधी हंडा उतरला, गोणपाटात गुंडाळलेला, चारी बाजूंनी बांधलेला, आणि इतक्या बेताने उतरला की रोदांथीने आजवर एकाही माणसाला तसं उतरवलं नव्हतं. मग दुधाचे कॅन. मग वार्दिस, शिव्या देत. कानाकीने दोर घेतलाच नाही. तो शेळ्यांच्या वाटेने कडेकडेने गेला आणि वार्दिस लोंबकळत असताना खालून विचारलं, “तुला कपड्यासारखं सुकत घातलंय का?”

मग रोदांथीने दोर ओढून घेतला. तो सरसरत खाली येऊन पडला, आणि तिघांनी एकदा वर पाहिलं. आता कानाकी सोडला तर कोणाला मागे वाट नव्हती.

गळा म्हणजे घळीची सगळ्यात अरुंद जागा. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. तिथून हंडा आडवा जाईना. तिरका करून, कुशीवर वळवून, कानाकी पुढून ओढतोय आणि वार्दिस मागून ढकलतोय, असा अर्धा तास गेला. तिसऱ्या कड्याखालच्या डोहात हंडा तरंगला, हे त्या दिवसातलं सगळ्यात मोठं आश्चर्य. वार्दिस त्याला धरून, एका हाताने पोराच्या कपड्यांची बॅग डोक्यावर धरून, छातीभर थंड पाण्यातून गेला. गुडघा बधिर झाला होता, त्यामुळे दुखायचाही थांबला होता. तीनला वारा आला. मागे कुठेतरी दगड पडल्याचा आवाज घुमला आणि रोदांथी नुसतं “चला” म्हणाली. त्यानंतर कोणी थट्टा केली नाही.

घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. समोर समुद्र पांढरा झाला होता, आणि वाटेत खडकावर, टोपी हातात धरून, स्त्रातिस उभा होता.

वार्दिसने त्याला इतक्या जवळून एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हातारा झाला होता. आपणही झालो असू, असं त्याच्या मनात आलं.

“पाद्री थांबलाय,” स्त्रातिस म्हणाला. तो वार्दिसच्या बुटांकडे बघत होता. “बाप्तिस्मा करून घेऊ. जेवणाचं मग बघू. नंतर कधीतरी. तुम्ही चर्चमधून सरळ... रोदांथी ओळखते ते वरचं घर, तिथं झोपायची सोय आहे.”

वार्दिसच्या कानशिलात रक्त चढलं. अकरा तासांची घळ साडेबारा तासांत उतरून आल्यावर, सिंतेक्नो व्हायला आलेल्या माणसाला ताटावर बसवायची याची तयारी नाही. मूल पाण्यातून काढ आणि जा. त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द निघाला असता तर पुढची एकतीस वर्षं तिथंच ठरली असती. पण रोदांथीने त्याची बाही ओढली.

“बोट नाही,” ती हळूच म्हणाली. “मांस बोटीनेच येतं, काका.”

स्त्रातिसने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. “दहा वर्षं झाली शेळ्या विकून,” तो म्हणाला. “वाटलं शनिवारी तरी बोट येईल. समुद्र असा, मासा नाही. घरात वाल आहेत. गाव चार दिवस वाल खातंय. तुझ्यापुढं, आज, मी वाल ठेवू? दुपारपासून इथं उभा आहे. वाटत होतं येऊच नयेस. आणि नाही आलास तर काय, असंही वाटत होतं.”

एवढं लांब बोलणं त्याला जमलं ते जमिनीकडे बघत होता म्हणून. वार्दिसचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला या म्हाताऱ्याची दया आली, आणि त्या दयेची त्याला लाजही वाटली नाही.

कानाकीने पाठीवरचा हंडा खाली ठेवला आणि दोर सोडून झाकण उचललं.

“तांदूळ आहेत का?” त्याने विचारलं. “रस्सा कॅनमध्ये आहे. भात टाकला की झालं.”

स्त्रातिस हंड्यात बघत राहिला.

“बोकड आहे,” वार्दिस म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “या वेळी मालकाला विचारून आणलाय.”

रोदांथीने डोळे मिटून घेतले. कानाकी खोकला. स्त्रातिसच्या गालावर काहीतरी हललं. वाकून त्याने हंड्याचा एक कान धरला. दुसरा वार्दिसने धरला, आणि दोघं तसेच गावात गेले.

चर्चमध्ये मेणबत्त्या अर्ध्या जळून गेल्या होत्या आणि पोर रडून झोपलं होतं. वार्दिसच्या विजारीतून फरशीवर पाणी गळत होतं. कपडे मात्र कोरडे होते, तेलाची बाटली शाबूत होती. पाद्र्याने तेल ओतलं, पाण्यात हात घातला आणि विचारलं, “नाव काय ठेवायचं?”

वार्दिसने पोराकडे पाहिलं. पोराने डोळे उघडले, या ओल्या, दाढी वाढलेल्या माणसाकडे रोखून पाहिलं आणि काय वाटलं कोणास ठाऊक, जांभई दिली.

“स्त्रातिस,” वार्दिस म्हणाला. बारीक निघालं. म्हणून पुन्हा म्हणाला, चांगलं मोठ्याने, डोंगरात हाक मारावी तसं. “स्त्रातिस.”

पुढच्या रांगेतला म्हातारा स्त्रातिस दचकून उभा राहिला. कोणीतरी हसलं, तेव्हा तो भानावर आला आणि खाली बसला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ नाकाला लावून ठेवला.

जेवण स्त्रातिसच्या अंगणात झालं, वाऱ्याच्या आडोशाला. गाव लोटलं होतं. भात रश्शात शिजून चिकट, चमकदार झाला होता, वर लिंबू पिळलेलं. पहिलं ताट वार्दिसचं, दुसरं कानाकीचं, आणि कानाकी प्रत्येकाला बजावून सांगत होता की त्याने काही केलेलं नाही. रोदांथीने चार ताटं संपवली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली.

वार्दिस आणि स्त्रातिस टेबलाच्या एका टोकाला शेजारी शेजारी बसले होते. बोलायला विषय नव्हता. पावसाबद्दल बोलून झालं, गुडघ्याबद्दल बोलून झालं. भिंतीवर त्याच संताची तसबीर होती, आणि दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. स्त्रातिसने एक तुकडा तोंडात घातला, हळूहळू चावला आणि हाड ताटाच्या कडेला ठेवलं.

“सिंतेक्नो,” तो म्हणाला. आवाज इतका खाली की फक्त शेजारच्यालाच ऐकू जावा. “तुझा जास्त मऊ होता.”

वार्दिसचा चमचा थांबला. एकतीस वर्षं त्याने या घटकेचे बेत केले होते. काय बोलायचं, कोणासमोर बोलायचं, उठून उभं राहायचं की बसूनच बोलायचं, सगळं ठरलेलं होतं. त्यातलं आता एकही आठवेना. डोळे भरून आले आणि तो ते पुसायला उठलाही नाही.

“घंटा?” त्याने विचारलं.

“ठेवलीय.”

“बरं,” वार्दिस म्हणाला आणि ताट पुढं केलं. “भात वाढ अजून.”